परत आल्यावर विचारणाऱ्या बाई

आमच्या ऑफिसात बाईंसमोर नुसतं "झालं" म्हणायची सोय नव्हती. तुम्ही झालं म्हणालात की त्या चष्म्यावरून बघत विचारायच्या, "कोण म्हणालं?" कुरिअर पाठवलं, झालं. कोण म्हणालं? पाठवलंत हे तुमच्याकडून कळलं. पोचलं का, हे पलीकडच्याकडून कळायचंय. मग पलीकडच्याला फोन करा, तो जेवायला गेला असेल तर जेवून येईपर्यंत थांबा, आणि तो काय म्हणाला ते बाईंना त्याच्याच शब्दांत सांगा. "हो म्हणाला" एवढ्यावर भागायचं नाही. "हो म्हणाला की मिळालं म्हणाला?" असा पुढचा प्रश्न तयार असायचा.

बाई आता नाहीत. त्या गेल्याचं मला फार उशिरा कळलं आणि फार वाईट वाटलं. त्यांच्या हाताखाली मी काही वर्षं काढली. त्या काळात मी त्यांच्यावर जितका वैतागलो तितका दुसऱ्या कुणावरच नाही, आणि आज कुणाबद्दल बोलत बसावंसं वाटलं तर तेही त्यांच्याबद्दलच वाटतं.

आमचं ऑफिस म्हणजे कोथरूडच्या एका सोसायटीतल्या तळमजल्यावरच्या दोन खोल्या. स्वयंपाकघराच्या ओट्यावर प्रिंटर ठेवलेला. मालक तरुण, बोलका, दिवसातून दहा नवे धंदे सुचणारा. बाईंनी त्याला आठवीत गणित शिकवलेलं. पुढे त्यांनी शाळा सोडली, चाळिशी उलटल्यावर स्वतःच्या हिमतीनं कॉम्प्युटर शिकल्या, आणि याच्याकडे कामाला आल्या. मालक सगळ्यांना सांगायचा, "मी बाईंना नोकरी दिली." बाई म्हणायच्या, "याचा गृहपाठ तपासायचा राहिला होता." तो त्यांना बाई म्हणायचा म्हणून आम्हीही बाईच म्हणायचो. चूक सापडली की त्या त्याला सगळ्यांदेखत म्हणायच्या, "ऊठ. उभं राहून सांग." आणि तो, कंपनीचा मालक, खरंच उठायचा.

आम्ही पत्रिकेचं सॉफ्टवेअर करत होतो. जन्मतारीख, वेळ आणि गाव घातलं की लगेच कुंडली छापून हातात. मोबाईल नुकते लोकांच्या पट्ट्याला लटकायला लागले होते, त्या काळात हे भारी वाटायचं. त्यातलं ग्रहांचं गणित मात्र आमचं नव्हतं. एका निवृत्त गृहस्थांनी कधीकाळी वेगळ्याच भाषेत लिहून ठेवलेला एक प्रोग्रॅम होता, त्याला आम्ही सगळे 'गणित' म्हणायचो. त्याच्या आत काय आहे हे कुणालाच कळत नव्हतं आणि हात लावायची कुणाची छाती नव्हती. आमचा पर्ल नावाच्या भाषेत लिहिलेला प्रोग्रॅम या गणिताला हाक मारायचा, माहिती द्यायचा; गणित ग्रह काढून एका फाइलमध्ये लिहून ठेवायचं; आमचा प्रोग्रॅम ती फाइल उचलून त्यावरून सुबक कुंडली काढायचा आणि वर नाव छापायचा.

दुसऱ्याचा प्रोग्रॅम आपल्या प्रोग्रॅममधून चालवणं हे आमच्या धंद्यात एका ओळीचं काम. नाव लिहायचं, पुढे माहिती जोडायची, संपलं. बाई त्या एका ओळीला अर्धी सकाळ घ्यायच्या.

"अरे, बाहेरच्या माणसाला काम सांगतोयस," त्या मला म्हणायच्या. "घरातला असता तर डोळ्यांनी दिसला असता. हा दाराबाहेर जाणार, काय करणार आपल्याला दिसणार नाही. मग सांगताना नीट सांगावं, आणि परत आला की विचारावं."

नीट सांगावं म्हणजे काय, तर नुसतं नाव घ्यायचं नाही, पूर्ण पत्ता सांगायचा. तो कुठल्या फोल्डरात राहतो तिथपासून. आम्हाला हा छळ वाटायचा. मग एकदा आमच्यातल्या एकानं आपल्या एका चाचणीच्या प्रोग्रॅमला हौसेनं गणित हेच नाव ठेवलं, हाक मारली की खऱ्या गणिताऐवजी तोच धावून यायला लागला, आणि दिवसभर त्याच्या पत्रिकेत सगळे ग्रह एकाच घरात येऊन बसत राहिले. बाईंनी त्याला काही सुनावलं नाही. फक्त जेवताना डबा उघडून म्हणाल्या, "संमेलन भरलंय वाटतं." आठवडाभर तेवढं पुरलं.

परत आला की विचारावं, यावर त्यांचा खरा जीव. कुठलाही प्रोग्रॅम संपताना एक आकडा मागे ठेवून जातो. शून्य ठेवला तर काम ठीक झालं, दुसरा काही ठेवला तर बिघडलं. बाईंना या रिवाजाचं भारी कौतुक होतं. "शाळेत इतकी वर्षं शून्य दिली, एकाचाही चेहरा खुलला नाही," त्या म्हणायच्या. "इथं बघ, शून्य मिळालं की पहिला नंबर." शिवाय प्रोग्रॅमला बोलायच्या वाटा दोन, एकीवरून तो कामाचं सांगतो, दुसरीवरून तक्रार करतो. त्या दुसरीला बाई कुरकुर म्हणायच्या आणि ती वेगळी साठवून वाचायच्या. माणसांच्या बाबतीतही तेच. तुम्ही काही सांगायला गेलात की, "आधी कामाचं सांग, मग कुरकुर सांग." आणि कुरकुर सांगायला लागलं की हातातलं काम बाजूला ठेवून शेवटपर्यंत ऐकायच्या. त्या वेळी ते लक्षात यायचं नाही, पण त्या ऑफिसात तक्रार पूर्ण ऐकून घेणारं दुसरं कुणी नव्हतं.

बाहेरच्या जगात या स्वभावानं काय काय व्हायचं ते सांगायला बसलो तर रात्र पुरायची नाही. एकदा त्यांना ताप आला. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. बऱ्या झाल्यावर बाई पुन्हा दवाखान्यात गेल्या, नंबर लावून बसल्या, आत गेल्या. डॉक्टर म्हणाले, "काय होतंय?"

"काही नाही. बरं वाटतंय."

"मग?"

"मग तेच सांगायला आले."

डॉक्टरांना काही सुधरेना. ते म्हणाले, "अहो बाई, बरं वाटलं की कुणी येत नाही."

"मग आपल्याला कळतं कसं?" बाईंनी अगदी मनापासून विचारलं.

डॉक्टरांनी फी घेतली नाही एवढं खरं. पुढे ते डॉक्टर हा किस्सा स्वतःच लोकांना सांगायचे, असं मी ऐकलंय.

पत्ता विचारणाऱ्याचंही तसंच. पुण्यात पत्ता सांगून मोकळे होणारे पुष्कळ, आणि न सांगता मोकळे होणारे त्याहून जास्त. बाई पत्ता सांगायच्या आणि तिथंच उभ्या राहायच्या. तो माणूस सांगितलेल्या वळणावर वळेपर्यंत मागून बघत. एकदा मी बरोबर होतो. त्या गृहस्थांना डावीकडे सांगितलेलं, ते गेले उजवीकडे. बाईंनी भर रस्त्यात असा आवाज दिला की ते गृहस्थ तर थांबलेच, शिवाय दोन स्कूटरवाले आणि एक केळीवालाही थांबला.

हे कुठून आलं असावं, यावर आमच्यात तर्क चालायचे. बाईंचं बालपण खडकीचं. वडील दारूगोळ्याच्या कारखान्यात, राहायला तिथल्याच क्वार्टर्समध्ये. त्यांची आई, वडील कोपऱ्यावर वळताना दिसल्याशिवाय चुलीवर तांदूळ ठेवत नसे, असं त्या एकदा बोलता बोलता म्हणाल्या होत्या. मी त्यावरून मनात एक अख्खी गोष्ट रचली. एक दिवस वडील कोपऱ्यावर दिसले नसणार. धीर करून एकदा विचारलं, "मग बाई... काही झालं का?"

"कशाचं?"

"म्हणजे... वडिलांना."

"काय व्हायचंय? रोज घरी यायचे. रिटायर झाले, पेन्शन घेतली, नातवंडांशी पत्ते खेळले, म्हातारे होऊन गेले." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "का रे? स्फोट हवा होता तुला? वाट बघायला स्फोट कशाला लागतो? माणूस आत गेलाय एवढं पुरेसं नाही?"

मी गुपचूप माझ्या टेबलाकडे गेलो.

आता मेळाव्याचं सांगतो, कारण बाई म्हटलं की मला तीच दुपार दिसते.

बिबवेवाडीला एका मंगल कार्यालयात वधू-वर मेळावा होता. मालकानं तिथं टेबल मांडायचं ठरवलं. जाहिरात म्हणून पत्रिका फुकट छापून द्यायची. आदल्या आठवड्यात त्यानं ओळखीच्या चार लोकांना बोलावून रंगीत तालीम केली, आणि तिथं एक गृहस्थ भडकले. त्यांनी आपलं जन्मगाव सांगितलं, ते छोटंसं गाव गणिताच्या यादीत नव्हतं, गणित ग्रह न काढताच परत आलं, आणि बाईंनी लिहून ठेवल्याप्रमाणे पडद्यावर अक्षरं आली, 'गाव सापडले नाही. जवळचे मोठे गाव सांगा.' गृहस्थ म्हणाले, "आमचं गाव नाही म्हणतंय तुमचं मशीन? आमच्या गावात हायस्कूल आहे!" आणि चहा न घेता गेले.

मालकानं हे मनाला लावून घेतलं. बाई त्या दिवशी रजेवर होत्या. त्यानं बसून, परत आल्यावर विचारणाऱ्या त्यांच्या सगळ्या ओळी बंद केल्या. पुसल्या नाहीत, तेवढी हिंमत नव्हती; प्रत्येक ओळीच्या आधी एक खूण टाकली की ती ओळ मुकी होते, तसं केलं. कुरकुर सरळ कचऱ्यात जाईल अशी सोय केली. आणि त्याच भरात, प्रत्येक नव्या पत्रिकेआधी जुनी ग्रहांची फाइल पुसणारी बाईंची ओळही मुकी झाली.

मेळावा जोरात झाला. टेबलापुढे रांग, एकही अडथळा नाही. मालक सोमवारी पेढे घेऊन आला. बाईंनी पेढा हातात घेतला आणि विचारलं, "किती जणांच्या निघाल्या नाहीत?"

"सगळ्यांच्या निघाल्या बाई!"

"सगळ्यांच्या? एकाचंही गाव अडलं नाही?"

"एकाचंही नाही."

बाईंनी पेढा परत खोक्यात ठेवला. मला त्या पेढ्यावरूनच कळलं की काहीतरी वाईट होणार आहे.

दुपारपर्यंत त्यांना सगळं सापडलं. आमच्या चाचण्यांमधली माणसं पुण्यात, साताऱ्यात, नाशकात जन्मलेली होती. पण आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. मेळाव्याला आलेल्या कितीतरी घरांतली थोरली मुलगी आईच्या माहेरी, कुठल्याशा वाडीवर जन्मलेली. तसं गाव आलं की गणित हात हलवत परत यायचं, त्याला कुणी विचारायचं नाही, आणि आमचा प्रोग्रॅम तिथं पडलेली आधीच्या माणसाची फाइल उचलून त्यावर या मुलीचं नाव छापून मोकळा व्हायचा. रांगेत पुढे जो कुणी उभा होता, त्याचे ग्रह मागच्या मुलीला.

"ऊठ," बाई मालकाला म्हणाल्या. तो आधीच उभा होता.

मेळाव्यातल्या सगळ्या नोंदी मशीनवर होत्याच. बाईंनी दुसऱ्याचे ग्रह मिळालेल्या मुली वेगळ्या काढल्या, जवळचं मोठं गाव घालून त्यांच्या खऱ्या पत्रिका छापल्या आणि घरोघरी स्वतः फोन करायला बसल्या. बहुतेकांनी ती पत्रिका अजून उघडलीही नव्हती. एकजण म्हणाले, फुकट होती, चुकायचीच. पण बिबवेवाडीच्या एका घरून उत्तर आलं, "आता काय उपेग? मोडलं आमचं." मुलीचं लग्न नात्यातून जवळजवळ ठरलं होतं. पत्रिकेची चाल त्यांच्या घरात नव्हती. मुलाकडच्यांनी मागितली म्हणून वडिलांनी मेळाव्यात काढून घेतली. त्यात निघाला कडक मंगळ. त्याच संध्याकाळी मुलाकडच्यांनी पाऊल मागे घेतलं. तो मंगळ रांगेत तिच्या पुढे उभ्या असलेल्या नाशिकच्या एका मुलाचा होता.

मालक म्हणाला, "नवी पत्रिका पोस्टानं पाठवू. सुधारित आवृत्ती म्हणून."

"पोस्टानं," बाई म्हणाल्या. "आणि तिकडे काय झालं ते पोस्टमन सांगेल." मग माझ्याकडे वळून, "स्कूटर काढ."

वाटेत सिग्नलला मी विचारलं, "बाई, तुमचा तर पत्रिकेवर विश्वास नाही. मग ही खरी आणि ती खोटी, असं काय आहे?"

मागच्या सीटवरून उत्तर आलं, "दोन्ही खोट्याच. पण खोटी असली तरी ज्याची त्याची असावी."

ते घर शेतकऱ्यांचं होतं. शेत शहरानं गिळलेलं, त्यावर आता भाड्याच्या खोल्यांची रांग आणि पुढे वडिलांचं वाळू-सिमेंटचं दुकान. दार मुलीनंच उघडलं. बी.कॉम. झालेली, जवळच्या शाळेत लहान मुलांना शिकवणारी. वडील माल उतरवून घ्यायला गेले होते, आई शेजारी. बाईंनी दारातच कोण, कशाला ते सांगितलं, चूक आमची आहे म्हणाल्या आणि कागद पुढे केला.

मुलीनं तो वाचला. खूश होईल असं मला वाटलं होतं. तिनं मागे वळून घरात कुणी नाही हे पाहिलं आणि कागद बाईंच्या हातात परत दिला.

"काकू, हे परत घेऊन जा. प्लीज."

"का ग?"

"मुलाकडच्यांना मी शाळेतली नोकरी सोडायला हवीय. माझ्याशी बोलला तेव्हा तो मुलगा सगळा वेळ आमच्या खोल्या मोजत होता. मी घरात दोनदा सांगितलं, मला नको. कुणी ऐकलं नाही. आणि मंगळानं एकदा सांगितलं तर सगळ्यांनी ऐकलं." ती हसली, पण डोळे भरले होते. "असू दे ना तो मंगळ. कुणाचाही असू दे."

मी बाईंकडे पाहिलं. खरं सांगतो, मला वाटलं, घडी घालून पर्समध्ये ठेवतील आणि आम्ही निघू. मी असतो तर तेच केलं असतं. इतक्यात फाटक वाजलं आणि वडील आत आले, पाठोपाठ आई. धिप्पाड माणूस, शर्टावर सिमेंटची पांढरी धूळ. चपला दारात काढून आम्ही त्यांच्यामागे घरात गेलो, आणि बाईंनी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. मंगळ तुमच्या मुलीचा नाही. आमच्या प्रोग्रॅमची चूक. ही तिची पत्रिका. आणि कागद त्यांच्या हातात दिला.

मुलीचा चेहरा मला बघवेना. मला बाईंचा भयंकर राग आला.

वडील आधी आमच्यावर तापले. "लोकांच्या पोरीच्या आयुष्याचा खेळ लावलाय व्हय?" असं बरंच काही बोलले, आणि बाईंनी ते एकही शब्द न तोडता ऐकून घेतलं. मग त्यांना हळूहळू उमगलं की हातातला कागद म्हणजे आनंदाची बातमी आहे. "म्हंजे मंगळ न्हाईच!" ते म्हणाले आणि तसेच फोनकडे वळले. रिसिव्हर उचलला.

"थांबा," बाई म्हणाल्या. "मुलीला विचारलंत?"

"कवाच विचारलंय. हो म्हणली."

"तुम्हाला म्हणाली?"

"हिच्या आईनं सांगितलं."

आईनं पदर सावरला आणि खाली बघितलं.

"मग आता तुम्ही विचारा," बाई म्हणाल्या.

"मॅडम, घरातली गोष्ट हाय. तुमचं काम झालं, आता तुम्ही..."

"अगदी बरोबर. घरात बोलायचा मला हक्क नाही. मी बाहेर उभी राहते." आणि त्या खरंच उंबऱ्याबाहेर जाऊन उभ्या राहिल्या, पर्स दोन्ही हातांनी पोटाशी धरून. गेल्या मात्र नाहीत. मीही त्यांच्या मागे.

वडील जरा वेळ आमच्याकडे बघत राहिले, ही बाई जाईल म्हणून. मग चिडल्यासारखे मुलीकडे वळले. "काय ग? करायचं ना?"

मुलगी काही बोलली नाही. फरशीकडे बघत उभी. बाहेर वाळूचा ट्रक मागे घ्यायचा आवाज चालला होता.

"बघा," वडील बाईंना म्हणाले. "गप हाय. म्हंजे हो."

"गप म्हणजे हो नाही," बाई उंबऱ्याबाहेरून म्हणाल्या. "गप म्हणजे अजून उत्तर आलेलं नाही. थांबावं लागतं."

आणि मग त्या घरात सगळेच थांबले. वडिलांच्या हातात रिसिव्हर तसाच, त्यातून बारीक आवाज येतोय. थांबणं किती अवघड असतं हे मला त्या दिवशी कळलं. मला वाटत होतं कुणीतरी काहीतरी बोलावं, काहीही. बाई मात्र जशा उभ्या होत्या तशाच उभ्या.

"नको, आप्पा," मुलगी म्हणाली.

वडिलांनी ऐकलं. आधी आईकडे बघितलं, मग पुन्हा मुलीकडे. "मग आधी का न्हाई बोललीस?"

"बोलले होते. दोन्ही वेळेला तुम्ही म्हणालात, आईशी बोल."

एवढा मोठा माणूस, पण स्टुलावर बसला तेव्हा एकदम वय झाल्यासारखा दिसला. मला वाटलं आता ओरडेल. तो नुसताच बसला आणि बोटांनी शर्टावरचं सिमेंट झटकत राहिला. मग बाईंना म्हणाला, "मॅडम, मंगळ हाय तोवर सोपं व्हतं. ग्रहावर ढकलता येत व्हतं. आता त्यांना काय सांगू?"

"मुलगी नको म्हणते, असं सांगा."

"असं कुणी सांगतं व्हय?"



त्यानं नंबर फिरवला. पलीकडे उचलल्यावर नमस्कार-चमत्कार झाले. पत्रिका दुसऱ्याची छापली गेली होती, पोरीला मंगळ न्हाई, हे सांगितलं. पलीकडून आनंदाचं काहीतरी मोठ्यानं आलं, ते आम्हाला बाहेरही ऐकू आलं. यानं मान खाली घातली आणि अगदी हळू आवाजात म्हणाला, "पण पोरगी नको म्हणती."

पलीकडच्याला ऐकू गेलं नसावं, किंवा ऐकू जाऊनही खरं वाटलं नसावं. "आं? कोण?" असं काहीतरी आलं.

त्यानं एकदा मुलीकडे पाहिलं. मग स्टुलावरून उठला आणि खोल्यांच्या रांगेतली भाडेकरी माणसं दारात यावीत एवढ्या आवाजात म्हणाला, "माझी पोरगी! माझी पोरगी नको म्हणती!"

मुलगी तिथंच भिंतीला टेकून खाली बसली आणि तोंडाला ओढणी लावून रडायला लागली. आई तिच्याजवळ जाऊन बसली. वडील फोनवर पलीकडचं सगळं बोलणं ऐकून घेत होते, मध्येच "बरं", "चालंल", "तुमचं बी बरोबर हाय" म्हणत होते. ते बराच वेळ चाललं. शेवटी त्यांनी रिसिव्हर ठेवला, आणि तेव्हा कुठे बाई चपला घालायला वाकल्या.